पुडीतल्या गोळीचं नाव सांगा : झाडीपट्टीतल्या डॉक्टर, सिस्टर, आशाताई आणि मेडिकलवाल्यांना खुले पत्र

प्रति,
झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगल आणि धानाच्या पट्ट्यातले वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका, आरोग्य सेवक, आशाताई, खाजगी दवाखाने चालवणारे डॉक्टर आणि मेडिकल स्टोअर्सचे मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक आहे. गडचिरोली जिल्ह्यात ३१ वर्षं आरोग्य सेवक म्हणून फिरलो आणि निवृत्त झालो. गावागावांत मला नावाने ओळखणारे थोडे, 'मलेरियावाला' म्हणून ओळखणारे जास्त. किती बोटं टोचली, किती काचपट्ट्या घेतल्या त्याची मोजदाद नाही. आधी क्लोरोक्वीन वाटलं, मग सल्फाच्या गोळ्या, नंतर वयाप्रमाणे रंगीत पाकिटं आली तीही वाटली. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र औषधाच्या विरोधात नाही. पीएफचा, म्हणजे फॅल्सिपेरम या जिवावर बेतणाऱ्या मलेरियाचा, ताप डोक्यात गेलेलं लेकरू मी मांडीवर घेऊन बसलो आहे. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, आणि पलीकडे कुणाच्या घरी ताप असेल तर तिथे पोचलेली गोळी हाच दवाखाना असतो. ती गोळी कुणी नाकारावी असं मला मरेपर्यंत वाटणार नाही. पण त्या गोळीचं नाव आणि तिच्यापासून क्वचित होणारा अपाय आपण लोकांना सांगत नाही, हे मी नोकरीत असताना कधी मनावर घेतलं नाही. निवृत्तीनंतर माझ्या सख्ख्या भाचीवर पाळी आली तेव्हा घेतलं.

रोवणीचे दिवस होते. बांधीत गुडघाभर चिखल, बायका पऱ्हे लावत होत्या. भाचीला थंडी वाजून ताप आला. आशाताई त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेलेल्या. बहिणीने तिला जवळच्या बाजाराच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे रक्त तपासलं नाही. एक सुई टोचली, डब्यातल्या गोळ्या काढून कागदाच्या पुड्या बांधून दिल्या. एका पुडीत दोन मोठ्या पांढऱ्या गोळ्या होत्या, 'या दोन्ही आज एकदम घ्यायच्या' एवढंच सांगितलं. ताप उतरला. चौथ्या दिवशी पोरगी परत बांधीत उतरली.

दहाव्या दिवशी पुन्हा ताप. घसा दुखतो म्हणाली. संध्याकाळी मला फोन आला, "मामा, डोऱ्यात तिखट गेल्यावानी होते." मला तेव्हाच कळायला हवं होतं. मीही म्हणालो, डोळे आले असतील, साथ आहे. बहीण तिला घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात गेली. ताप उलटला म्हणून त्याच दोन मोठ्या गोळ्यांची आणखी एक पुडी मिळाली, आणि ती तिने घेतली.

दुसऱ्या दिवशी छातीवर, पाठीवर लाल-जांभळे चट्टे उठले. ओठ सुजून फुटले, तोंडात पाणीसुद्धा घेववेना. मग फोड आले. फोड बघितल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माता आली. घरात फोडणी बंद झाली, दाराला निंबाचा पाला लागला, म्हातारीने मातामायच्या ठाण्यावर पाणी वाहिलं. पाल्याच्या पाण्याने अंग पुसायला घेतलं तेव्हा पाठीची कातडी फडक्याबरोबर निघून आली. मी पोचलो तो तिसरा दिवस. ती केळीच्या पानावर निजली होती, कारण गोधडी अंगाला चिकटत होती. डोळे चिपडांनी बंद झालेले. लघवी करताना ती ओरडायची, कारण आतली कातडीही तशीच सोललेली होती.

ग्रामीण रुग्णालयात नेलं. भाजलेल्यासारखं दिसतं म्हणून तिथल्या एका कर्मचाऱ्याने भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम अंगभर लावायला घेतलं. एका जुन्या सिस्टरने हात धरला. "थांबा, आधी विचारा, ही कोनती गोळी खाल्ली." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पुडीच्या कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. जवळपास पावणेदोनशे किलोमीटर नागपूर, १०८ ची गाडी, आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर तोच प्रश्न, गोळी कोणती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात निवासी डॉक्टर पोरीने रात्री दोन वाजता मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी परत फिरलो, त्या खाजगी दवाखान्यात जाऊन बसलो आणि डबा दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हणालो. डब्यातल्या गोळ्यांच्या पट्टीवर नाव होतं, सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन. जी गोळी मी स्वतः वर्षानुवर्षं वाटली तीच.

भाची वाचली. २६ दिवस दवाखान्यात होती. अंगावर काळे डाग राहिले, ते फिके होतील. डोळ्यांचं तसं नाही. पापणी आतून बुबुळाला चिकटली होती, ती सोडवली, पण पापणीचे केस आत वळतात आणि डोळा कोरडा पडतो. दिवसातून सात-आठ वेळा थेंब घालावे लागतात. उन्हात बांधीत उभं राहवत नाही. रोवणीची मजुरी गेली ती कायमची.

आता या आजाराबद्दल थोडं, कारण आपल्यापैकी अनेकांनी नोकरीभर तो पाहिलेला नसतो. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन मुलांचं वर्णन लिहिलं, त्यावरून स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे नाव पडलं. अंगाच्या दहा टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर हे नाव, तीस टक्क्यांहून जास्त सुटली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस, आणि दहा ते तीस टक्क्यांत असेल तर तो दोन्हींच्या मधला प्रकार. आजार एकच, चढत जाणारा. पहिल्या प्रकारात शंभरातले पाच ते दहा दगावतात, शेवटच्या प्रकारात तीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त. कातडी गेली की अंगातलं पाणी जातं, जंतू आत शिरतात, रक्तात विष होतं. हा आजार संसर्गाचा नाही आणि मातेचा तर नाहीच. बहुतेक वेळा तो औषधाने होतो. सल्फाची औषधं त्यात जुनी आणि मोठी गुन्हेगार. फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, गाउट या सांधे सुजण्याच्या दुखण्याची ॲलोप्युरिनॉल, काही वेदनाशामक गोळ्या, यांचंही नाव घ्यावं लागतं.

सल्फाडॉक्सिनची एक खास गोष्ट आहे. ती शरीरातून फार हळू जाते. घेतलेल्या औषधातलं निम्मं बाहेर पडायलाच आठवडाभर लागतो. म्हणूनच तर एका डोसात काम भागायचं आणि म्हणूनच आम्हाला ती इतकी सोयीची वाटायची. जंगलातल्या गावात रोज गोळी द्यायला कोण जाणार? पण अपाय सुरू झाला की तोच गुण उलटतो. 'गोळी बंद करा' म्हणून सांगावं तर गोळी आधीच पोटात आणि पुढचे काही आठवडे रक्तात. हा अपाय साधारण चौथ्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत कधीही उठू शकतो. तोवर रोगी बरा होऊन कामाला लागलेला असतो. त्या तापाची आणि या फोडांची सांगड घालणार कोण?

अमेरिकेत ती घातली गेली. फॅन्सिडार नावाने हीच गोळी तिथले प्रवासी मलेरिया होऊ नये म्हणून दर आठवड्याला घ्यायचे. १९८२ ते १९८५ या काळात त्यांच्यात कातडी सोलणारे रोगी सापडू लागले. हिशेब मांडला तेव्हा निघालं, गोळी घेणाऱ्या ५,००० ते ८,००० जणांत एकाला गंभीर अपाय आणि ११,००० ते २५,००० जणांत एकाचा मृत्यू. १९८५ मध्येच सल्ला बदलला आणि प्रवाशांनी ती सरसकट घेणं थांबवलं. हे आकडे आठवड्यामागून आठवडा गोळी घेणाऱ्या निरोगी माणसांचे आहेत हे नीट लक्षात घ्या. मलेरिया झालेल्याला एकदाच दिलेल्या डोसात धोका याहून बराच कमी. आफ्रिकेत गरोदर बायकांना हीच गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याने लाखोंनी दिली जाते आणि तिने जीव वाचतात. गोळी वाईट नाही. पण तिकडे कुणीतरी मोजलं म्हणून कळलं. आपल्या धानाच्या पट्ट्यात किती जणांना झालं, कुणाच्या कोणत्या माताआलेल्या पोरीला खरं म्हणजे हे झालं होतं, त्याची नोंद माझ्या ३१ वर्षांच्या रजिस्टरांत एकही नाही. मी लिहिलीच नाही, कारण मी विचारलंच नाही.

ही गोळी जुनी असली तरी आपल्याकडून गेलेली नाही. २०१३ च्या मलेरियाच्या राष्ट्रीय औषध धोरणाने ईशान्येची राज्यं सोडून बाकी देशात पीएफसाठी आर्टेसुनेट तीन दिवस, पहिल्या दिवशी सोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन असा उपचार ठरवला. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं गुलाबी पाकीट, मग पिवळं, हिरवं, लाल, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं पांढरं. आशाताई, तुमच्या पेटीत ते असतं म्हणून पहिलं बोलणं तुमच्याशी.

पहिल्या दिवशीचा डोस तुम्ही तुमच्यासमोर घ्यायला लावता, ते बरोबरच. पण त्या वेळी तोंडाने चार वाक्यं सांगा आणि घरच्या भाषेत सांगा, झाडीत, गोंडीत, माडियात, जशी असेल तशी. पुढचा महिनाभर पुन्हा ताप येऊन डोळे चुरचुरले, तोंड आलं, अंगावर दुखणारे लाल चट्टे उठले किंवा कातडीला फोड आले तर दुसरी कुठलीही गोळी न घेता मला बोलवा. कातडी खाजण्यापेक्षा दुखत असेल तर जास्त घाई करा. आणि पाकिटाचं रिकामं कव्हर फेकू नका, घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. एवढंच. याने कुणी गोळी नाकारत नाही, हे मी नंतर माझ्या गावात सांगून पाहिलं आहे. लोकांना खरं सांगितलं की ते घाबरत नाहीत, लपवलं की घाबरतात. गावातल्या पुजाऱ्यालाही हे सांगून ठेवा. माता म्हणून पहिली हाक त्यालाच जाते. त्याला हिणवून काही साधत नाही. 'ताप-मलेरियाची गोळी घेतल्याला महिना झाला नसेल आणि तोंड-डोळे धरले असतील तर आधी दवाखाना, मग मातामाय' एवढं त्याच्या तोंडून निघालं तर तीन दिवस वाचतील. माझ्या भाचीचे ते तीन दिवस डोळ्यांत गेले.

खाजगी डॉक्टरांनो, तुमच्याविषयी माझ्या मनात राग आहे आणि तो लपवत नाही. तुम्ही नसता तर कित्येक गावांना रात्री-अपरात्री कोणीच नसतं हेही मला माहीत आहे. तरी नावाशिवाय पुडी बांधणं थांबवा. पुडीच्या कागदावर गोळीचं नाव लिहायला अर्धं मिनिट लागतं. मलेरिया वाटला तर तपासणीचं किट लावा किंवा रक्ताची काचपट्टी घ्या. माझ्या भाचीला मलेरिया होता की नव्हता हे आजही कुणी सांगू शकत नाही. नसलेल्या रोगाच्या गोळीने तिचे डोळे गेले असतील तर ते मी कसं विसरावं? आणि ताप उलटला म्हणून तीच गोळी पुन्हा देण्याआधी रोग्याच्या तोंडात बॅटरी मारून बघा, पापणी उघडून बघा. दहाव्या-बाराव्या दिवशीचा ताप हा मलेरिया उलटल्याचा असेल, पण तो गोळीचाही असू शकतो.

मेडिकलवाल्यांनो, 'सल्फाची गोळी द्या' असं कुणी मागितलं की चिठ्ठी विचारा. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला सर्रास खपणारी को-ट्रायमोक्साझोल हीही सल्फाच आहे. जिला एका सल्फाने सोललं तिला दुसरी सल्फाची अँटिबायोटिक देणं म्हणजे त्याच विहिरीत पुन्हा ढकलणं. भाचीला बरी झाल्यावर दीड वर्षाने लघवीचा त्रास झाला तेव्हा एका दुकानातून तीच गोळी हातात पडली होती. मी लिहून दिलेलं खिशातलं कार्ड दाखवलं म्हणून दुकानदाराने परत घेतली. काही जणांना सल्फाच्या गोळीने ओठावर किंवा मांडीवर दर वेळी त्याच जागी काळा गोल डाग पडतो, तो डागही इशारा समजा. उलट, गंधकाच्या मलमाला आणि सल्फाला एकच समजून लोक घाबरतात, तसं नाही. गंधक वेगळं, सल्फा वेगळं. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांतही सल्फासारखा भाग असतो, पण त्यांचा निर्णय डॉक्टरने घ्यावा, दुकानात बसून नाही.

वैद्यकीय अधिकारी साहेब आणि मॅडम, असा रोगी आला तर तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात आणि त्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. संशयित औषध त्याच क्षणी बंद. सलाईन लावून, अंगाला न चिकटणारं स्वच्छ कापड गुंडाळून, ऊब ठेवून लगेच पुढे पाठवा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी बोलवा. डोळे नंतर बघू म्हटलं की उशीर झालेला असतो. आणि ते भाजल्याचं पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, त्यात सल्फा आहे हो. सल्फाने सोललेल्या उघड्या मांसावर सल्फा लावायचं नसतं. त्या जुन्या सिस्टरला हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं मला माहीत नाही, पण ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लावायला खर्च किती येतो?

नंतर नोंद. औषधांच्या अपायांवर लक्ष ठेवायला देशात २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो, त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. फॉर्म डॉक्टर भरू शकतो, सिस्टर भरू शकते, औषध दुकानदार भरू शकतो. रोग्यासाठी वेगळा सोपा फॉर्म आहे, तो मराठीतही निघाला आहे. १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे. औषधानेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, शंका पुरते. नाव गुप्त राहतं. 'माझ्यावर बालंट येईल' या भीतीने कित्येक जण लिहीत नाहीत, मीही त्यातला. पण लिहिल्याशिवाय आपल्या भागातला धोका किती, कमी की जास्त, हे कुणाला कधीच कळणार नाही, आणि उद्या औषध बदलायचं की ठेवायचं हे ठरवताना झाडीपट्टीतलं एकही माणूस त्या हिशेबात नसेल.

भाचीच्या खिशातलं कार्ड मी स्वतः लिहिलं आहे, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं, पाण्याने भिजू नये म्हणून लॅमिनेट केलेलं. वर लाल शाईने तिचं नाव आणि गाव. खाली लिहिलं आहे : 'सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनने कातडी सुटली होती, डोळे बाधित. सल्फाची कोणतीही अँटिबायोटिक देऊ नये. को-ट्रायमोक्साझोल देऊ नये. जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन लावू नये. मलेरिया झाल्यास सल्फा नसलेलं औषध द्यावं.' त्याखाली दवाखान्याच्या नोंदीचा क्रमांक आणि माझा फोन. तुमच्या आरोग्य केंद्रात असा एकही रोगी आला तर त्याला घरी सोडण्याआधी असं कार्ड हातात द्या. मजकूर माझा आहे, उतरवून घ्या, दुरुस्त करा, आपापल्या भाषेत करा. मला विचारायची गरज नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त आरोग्य सेवक,
गडचिरोली जिल्हा